तात्या टोपे यांची वाट नकाशावर रेखाटताना : गूगल अर्थ प्रो, सात महिन्यांच्या वापरानंतर

१८५७ च्या लढ्यातील सेनापती तात्या टोपे यांची ग्वाल्हेर सुटल्यानंतरची वाटचाल अनेक इतिहासग्रंथांत एकदोन परिच्छेदांत उरकलेली आढळते. ‘हुलकावण्या देत राहिले’ एवढ्यावर माझे समाधान होत नव्हते. म्हणून गेल्या आषाढात संगणकावर गूगल अर्थ प्रो हा उपग्रहचित्रांवर नकाशा दाखवणारा कार्यक्रम उतरवून घेतला आणि जून १८५८ ते एप्रिल १८५९ या दहा महिन्यांतील त्यांचा मार्ग टप्प्याटप्प्याने रेखाटायला घेतला. हा कार्यक्रम २०१५ पासून मोफत आहे. नकाशावर खूण करणे, मार्गरेषा काढणे, तिची लांबी मोजणे आणि त्या मार्गावरील चढउतारांचा आलेख पाहणे एवढ्या चारच सोयी मी प्रामुख्याने वापरल्या, आणि माझ्या कामासाठी त्या पुरेशा ठरल्या.

पहिली खूण येवल्यात केली, कारण १८१४ च्या सुमारास रामचंद्र पांडुरंग, म्हणजेच तात्या, यांचा जन्म तेथला. दुसरी कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तात, जेथे राज्य गेलेल्या दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाला त्यांचे वडील होते. या दोन खुणांमधले सरळ रेषेतील अंतर सुमारे ९४० किलोमीटर भरते. नोव्हेंबर १८५७ मध्ये कानपुरात इंग्रज सेनानी विंडहॅमच्या फौजेला मागे रेटणे, १ एप्रिल १८५८ रोजी झाशीच्या मदतीला जाताना बेतवेकाठी झालेला पराभव, मग कोंच, काल्पी आणि १ जूनला ग्वाल्हेरचा ताबा, हा पूर्वार्ध सर्वपरिचित असल्याने मी तो झटपट आखून संपवला.

खरे काम २२ जून १८५८ पासून सुरू झाले. त्या दिवशी जावरा-अलीपूर येथे नेपियरने पंचवीस तोफा हिरावून घेतल्या आणि तात्या व नानासाहेबांचे पुतणे रावसाहेब पेशवे पश्चिमेकडे वळले. ग्वाल्हेर ते टोंक हे अंतर सरळ रेषेत सुमारे २४० किलोमीटर आहे, पण चंबळेच्या घळी डोळ्यांनी पाहिल्यावर या आकड्याचा अर्थच बदलतो. पडद्यावर दृश्य तिरपे करून नदीकाठाने पुढे सरकत गेलो, तेव्हा पावसाळ्यात या मुलखात फौज, बैल आणि तोफा हलवणे म्हणजे काय असेल याची पहिल्यांदा कल्पना आली. टोंकच्या नबाबाची माणसे तोफांसह येऊन मिळाली, परंतु चंबळ दुथडी भरलेली असल्याने तात्यांना बुंदीकडे वळावे लागले. हे वळण मी पूर्वी गोंधळाचे लक्षण समजत असे. रेषा काढल्यावर लक्षात आले की त्यांची दिशा शत्रूइतकीच नदीही ठरवत होती.

ऑगस्टमध्ये सांगानेर आणि मग बनासकाठचे कोठारिया येथे रॉबर्ट्सशी झुंजी झाल्या. कोठारिया नाथद्वाऱ्याच्या अगदी जवळ आहे, आणि लढाईच्या आदल्या रात्री तात्या तेथील श्रीनाथजींच्या दर्शनाला गेले होते हा उल्लेख या दोन खुणा शेजारीशेजारी पाहताना मला फार जिव्हाळ्याचा वाटला. पुढे चंबळ ओलांडून त्यांनी झालरापाटणला तीसहून अधिक तोफा मिळवल्या आणि सप्टेंबरमध्ये राजगढजवळ मिशेलपुढे त्यांतील बहुतेक गमावल्या. तोफा गेल्यानंतर त्यांचा वेग वाढलेला दिसतो. मार्गरेषेवर तारखा लिहीत गेल्याशिवाय ही गोष्ट ध्यानात आली नसती.

येथेच या साधनाची मर्यादाही सांगायला हवी. उपग्रह आजची भूमी दाखवतो, १८५८ ची नव्हे. चितोड आणि झालरापाटण यांच्या दरम्यानच्या चंबळेवर १९६० मध्ये गांधीसागर आणि १९७० मध्ये राणाप्रताप सागर झाला, त्यामुळे जुने उतार पाण्याखाली गेले आहेत आणि जलाशयावर उंचीचा आलेख सपाट येतो. नर्मदेवर बडवानी-चिखलदा परिसरात हीच अडचण आली, पण तेथे जुनी उपग्रहचित्रे पाहण्याची सोय उपयोगी पडली. सरदार सरोवराचे दरवाजे २०१७ मध्ये बंद होण्यापूर्वीची चित्रे उघडली की चिखलदा गाव, नदीचा काठ आणि पैलतीर स्पष्ट दिसतात. एकोणिसाव्या शतकातील नकाशाची प्रतिमा त्यावर अर्धपारदर्शक पसरवताही येते, मात्र ती बसवताना नद्यांचे संगम आधाराला घ्यावेत, रस्ते घेऊ नयेत, असे मी अनुभवावरून सांगेन.

माझा सर्वाधिक वेळ नर्मदेच्या दक्षिणेकडील महिन्याभरात गेला. ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस होशंगाबाद, म्हणजे आजचे नर्मदापुरम, आणि नरसिंहपूर यांच्या दरम्यान त्यांनी नदी ओलांडली. पेशवाई बुडून चाळीस वर्षे झाल्यावर पेशव्यांच्या घराण्यातील पुरुष सेनेसह दक्षिणेत उतरत होता. तापीच्या उगमाशी असलेल्या मुलताईपासून नागपूर सरळ रेषेत जेमतेम ११० किलोमीटर आहे. परंतु नागपूरचा उठावाचा बेत जून १८५७ मध्येच मोडला गेला होता, कोल्हापूरच्या शिपायांचे बंडही शमवले गेले होते आणि इंग्रज फौजा वाटा अडवून होत्या. तात्या पश्चिमेला वळून खरगोणपर्यंत आले. तेथून येवले सुमारे २३० किलोमीटर, मध्ये सातपुडा. हे अंतर मोजून झाल्यावर त्या दिवशी मी पुढचे काम केले नाही. वर्षभर आधी ते येथे पोहोचले असते तर दख्खन स्वस्थ बसले नसते, असे मला वाटते.

२५ नोव्हेंबरला राजपूरजवळ चकमक झाली आणि लगेच त्यांनी पुन्हा नर्मदा ओलांडली. १ डिसेंबरला छोटा उदेपूर येथे पार्कने त्यांना गाठले तेव्हा बडोदे सरळ रेषेत सुमारे ८५ किलोमीटरवर होते. बांसवाडा, प्रतापगढ, इंद्रगढ, दौसा आणि २१ जानेवारी १८५९ ला सीकर, एवढ्या खुणा डिसेंबर-जानेवारीत इतक्या दाटीने येतात की प्रत्येक महिन्याला वेगळा रंग दिल्याशिवाय रेषा वाचताच येत नाही. खुणांसाठी महिन्यागणिक स्वतंत्र फोल्डर करावेत, अशी सूचना नव्याने असे काम हाती घेणाऱ्यांना आवर्जून करतो. गावांची नावे इंग्रज अधिकाऱ्यांच्या पत्रांत फार बदललेली असतात. ‘सिप्री’ म्हणजे आजची शिवपुरी, हे ठाऊक नसेल तर शोध भलतीकडे जातो.

सीकरनंतर रावसाहेबांपासून वेगळे होऊन तात्या नरवरच्या मानसिंगाकडे पारोणच्या जंगलात राहिले. त्याच मानसिंगाने घात केला आणि ७ एप्रिल १८५९ च्या रात्री त्यांना झोपेत पकडण्यात आले. आपण केवळ आपल्या धन्याची, पेशव्यांची आज्ञा पाळली, असे त्यांनी लष्करी न्यायालयापुढे सांगितले. १८ एप्रिलला शिवपुरीत त्यांना फाशी दिले. माझी मार्गरेषा मात्र पारोणलाच थांबते. शिवपुरीची खूण मी वेगळ्या रंगात, रेषेला न जोडता ठेवली आहे, कारण तेथपर्यंतची वाट त्यांनी स्वतः निवडलेली नव्हती.