जॉब शॉपसाठी कोणतं कार्ड: कानबान की कॉनविप?

कोणतं काम कधी सुरू करायचं हे कार्डांनी ठरवायच्या दोन पद्धती आहेत. टोयोटात तैइची ओनो यांनी घडवलेल्या कानबानमध्ये प्रत्येक कार्ड एका ठरावीक पार्टचं असतं. पुढच्या टप्प्यावरच्याने पार्टचा बिन (डबा) रिकामा केला की मागच्या टप्प्यावरचा तोच पार्ट पुन्हा बनवतो. रोज तेच पार्ट लागत असतील तर याला तोड नाही.

पण भोसरीतल्या एखाद्या जॉब शॉपमध्ये, म्हणजे ऑर्डरप्रमाणे वेगवेगळे पार्ट बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये, 400 ड्रॉइंग, प्रत्येकाचे पाच-दहा नग आणि पुढची ऑर्डर कधी येईल याचा भरवसा नाही. तिथे प्रत्येक पार्टचा बिन भरून ठेवायचा म्हणजे लीनच्या (कमी साठा, कमी वाया या पद्धतीच्या) नावाने गोदाम उभारणं!

1990 मध्ये स्पीअरमन, वुड्रफ आणि हॉप यांनी मांडलेल्या कॉनविपमध्ये (आतलं एकूण चालू काम कायम तेवढंच ठेवायची पद्धत) कार्ड पार्टचं नसतं, शॉपमध्ये एका वेळी जेवढे जॉब घ्यायचे त्यातल्या एका जागेचं असतं. एक जॉब डिस्पॅच झाला की यादीतला पुढचा आत; तोवर कच्चा माल मशीनपर्यंत न्यायचाच नाही. फायदा लिटलच्या नियमातून (आतले जॉब भागिले रोज बाहेर पडणारे जॉब म्हणजे एका जॉबला लागणारे सरासरी दिवस) कळतो: आत 30 जॉब आणि रोज 5 बाहेर, तर सरासरी 6 दिवस. आत 15 ठेवूनही रोज 5 निघाले, तर 3 दिवस.

मात्र दोन तासांचा जॉब आणि दोन दिवसांचा जॉब एकाच कार्डावर मोजू नका; कार्डं बॉटलनेक मशीनच्या, म्हणजे जिथे काम सगळ्यांत जास्त अडतं त्या मशीनच्या, तासांत मोजा.

प्रशिक्षणात बहुधा एकाच पार्टचा खेळ खेळवतात, म्हणून कानबान सोपं वाटतं. शिकवताना आपल्याच शॉपची जॉबकार्डं टेबलावर मांडावीत. बोल्ट, ग्लव्हज, इन्सर्ट (कटिंग टूलची बदलायची टोकं) अशा नेहमी लागणाऱ्या वस्तूंना मात्र कानबानच ठेवा.