करवंदाच्या नावाखाली डुरांटा

संकुलाच्या कुंपणालगत काटेरी झुडपं लावायचा ठेका दिला होता. बोलणं झालं ते नेटाल प्लमचं, म्हणजे कॅरिसा मॅक्रोकार्पाचं. हे आपल्या करवंदाचं भावंड. जाड चकचकीत पानं, चांदणीसारखी पांढरी सुवासिक फुलं आणि टोकाशी दुभंगलेले काटे. पिकलेलं लाल फळ खाताही येतं, म्हणून मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळही तेच ठरलं.

आली ती पातळ पानांची हिरवी रोपं. काटे कुठे आहेत, असं विचारल्यावर ठेकेदार म्हणाला, "ही बिनकाट्याची जात आहे, साहेब." थाप बेमालूम होती, कारण कॅरिसाच्या बिनकाटी जाती खरोखरच असतात. झुडपं झपाट्याने वाढली, कुंपण भरलं, बिल चुकतं झालं. मग निळसर जांभळे घोस आले आणि त्यामागून पिवळ्या मण्यांसारखी फळं लोंबू लागली. हा डुरांटा! त्याची फळं विषारी, आणि मुलं नेमकी अशाच रंगाला हात घालतात. गंमत म्हणजे जुन्या फांद्यांवर पुढे काटेही आले. पण सरळ, एकेकटे.

जाब विचारला तर त्याने बिल पुढे केलं. त्यावर फक्त 'शोभेची काटेरी झुडपं' असं लिहिलेलं. डुरांटा शोभेचा आहेच, काटेही आहेत, मग तक्रार कसली? खरी लबाडी या तीन शब्दांत होती. रोपांतलं अंतरही वीतभरच ठेवलेलं. कॅरिसाला दोन-तीन फूट पुरतात. दाटी केली की रोपांचा आकडा फुगतो.

तेव्हा मागणीपत्रात आणि बिलात शास्त्रीय नाव लिहून घ्या. गाडीतून रोपं उतरताना काट्यांवर विसंबू नका, पान खुडून पाहा. कॅरिसाच्या देठातून पांढरा चीक येतो, बिनकाटी जात असली तरी येतो. डुरांटाला चीक नसतो. एकाच रोपावर थांबू नका. पुढच्या रांगेत खरी रोपं ठेवून मागे भलतीच भरायची युक्तीही चालते. चीक डोळ्यांना लागू देऊ नका.

खेळाच्या जागेजवळचा डुरांटा आम्ही मुळासकट काढला. बाकीच्याची फुलं ओसरली की लगेच छाटणी करतो, म्हणजे फळं धरत नाहीत. ठेकेदार फोन उचलत नाही.