क्रिटावर एक दिवाळी हंगाम: कच्च्या रेघेपासून छापखान्यापर्यंत

पावसाळ्याच्या तोंडावर क्रिटा हे संगणकावर चित्रं काढायचं सॉफ्टवेअर घेतलं आणि यंदाच्या दिवाळी अंकांची चित्रं बहुतेक त्यातच केली. ते फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं, एवढं कोणीही सांगेल. चित्र पुढे सरकताना ते कुठे साथ देतं आणि कुठे नाही, हे मात्र वापरल्यावरच कळतं.

एक कथाचित्र घेऊ. रात्रीचा पाऊस, एसटी स्टँड, बाकावर आजी, मांडीवर पिशवी. छपाईसाठी ए४ पान ३०० डीपीआयला (इंचामागे ३०० ठिपके), म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल. सुरुवात मात्र मी काडेपेटीएवढ्या खरड्यांनी करते. या टप्प्यावर स्टॅबिलायझर बंदच बरा. तो रेघ गुळगुळीत करतो आणि हाताची चुणूक खाऊन टाकतो. ‘एम’ दाबलं की कॅनव्हास आरशातल्यासारखा उलटतो, आणि मान कुठे कलली, बाक कुठे घसरला, ते क्षणात दिसतं. एवढी एक सोय गेली तरी मी तक्रार करेन.

माझ्या मते चित्र ठरतं ते करड्या रंगांत. रंगाच्या आधी तीन करड्या छटा: पाऊस आणि आवार मधल्या छटेचं, कॅन्टीनची ट्यूबलाइट फिकट, आजी गडद. आजीला उजेडात बसवलं असतं तर साडीचा काठ दिसला असता, पण ती गर्दीत हरवली असती. तिच्या मागे उजेड ठेवल्यावर नुसती बाह्याकृती बोलायला लागते: खांद्यावरून ओढलेला पदर, पिशवीचे बंद मुठीत गुंडाळलेले. पुढे रंग भरतानाही सगळ्यांत वर काळ्या रंगाचा एक लेयर, म्हणजे पारदर्शक कागदासारखा थर, ‘कलर’ ब्लेंडिंगला (थर खालच्या रंगांत कसा मिसळावा त्याची एक पद्धत) लावून ठेवते. तो चालू केला की चित्र कृष्णधवल होतं. सुंदर निळ्या-जांभळ्या रंगांनी केलेली फसवणूक तिथे उघडी पडते.

शाईकामाबद्दल माझं मत अनेकांना पटणार नाही. पेन्सिलच्या खरड्यावर स्वच्छ रेघ ओढली की निम्म्या वेळा चित्र मरतं. म्हणून मी खरड्याचा लेयर ‘मल्टिप्लाय’ ब्लेंडिंगवर ठेवते, म्हणजे रेघांखालून रंग दिसत राहतो, खाली रंग भरते आणि मग हळूहळू रेघेवरूनच रंगवत जाते. शेवटी आजीच्या मुठीपाशी पेन्सिलच्या दोनचार रेघा उरल्या, त्या मुद्दाम ठेवल्या. कलराइझ मास्क हे क्रिटाचं गाजलेलं हत्यार आहे: रेघांच्या आत रंगाचे फटकारे मारायचे, बाकी ते भरून घेतं. बंदिस्त रेघांच्या कॉमिकला झकास. माझ्यासारख्या तुटक रेघांच्या माणसाला त्याचा उपयोग बेताचाच, आणि मोठ्या कॅनव्हासवर थांबावंही लागतं.

मेमरीचा हिशेब आधीच करून ठेवा. वरच्या आकारात, ८ बिट रंगखोलीत, पूर्ण भरलेला एक लेयर साधारण ३५ एमबी खातो; १६ बिटमध्ये दुप्पट. वीसपंचवीस लेयर झाले की जुना लॅपटॉप कुरकुरतो. पण लेयर एकत्र करून टाकायची घाई नको. छपाईला जायच्या आदल्या दिवशी एका संपादकांना साडी हिरवी हवी झाली. साडी वेगळ्या लेयरवर होती म्हणून चहा निवायच्या आत काम झालं.

छपाईला देण्याआधी ‘कंट्रोल वाय’ दाबून सॉफ्टप्रूफिंग, म्हणजे छापल्यावर रंग कसे दिसतील याची पडद्यावरची झलक, बघावंच. पडद्यावर झळाळणारा निळा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, मळकट होतो. ते छापील अंक हातात आल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. योग्य रंग-प्रोफाइल (त्या छपाईत रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) मात्र छापखान्याकडूनच मागून घ्या.

मजकूर? ५.२ आवृत्तीत तो वेगळ्या खिडकीत टाइप करावा लागतो, आणि मुखपृष्ठावरची देवनागरी सुलेखनासारखी बसवायची तर जीव मेटाकुटीला येतो. मी शीर्षकं इंकस्केप या दुसऱ्या रेखाटन सॉफ्टवेअरमध्ये करते.

आयपॅड आधीच असेल तर प्रोक्रिएट हे त्यावरचं चित्रकलेचं अ‍ॅप घेऊन मोकळे व्हा. बोटांनी कॅनव्हास फिरवण्याचं सुख तिथे जास्त आहे. पण साधा लॅपटॉप आणि पडदा नसलेला पेन टॅब्लेट एवढ्यावर काम करायचं असेल, तर क्रिटाच. आधी पेनाच्या दाबाचा आलेख आपल्या हाताप्रमाणे बसवून घ्या, ब्रश नंतर शोधा.