दारव्ह्याच्या बसस्थानकाजवळचे गटई दुकान : बुटांच्या शिवणीसाठी जावेच

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा येथे बसस्थानकाच्या रस्त्यावर एका चर्मकार काकांचे पत्र्याचे दुकान आहे. समाजकल्याण विभाग गटई कामगारांना, म्हणजे चपला-बूट शिवणाऱ्यांना, शंभर टक्के अनुदानावर देतो तसाच हा स्टॉल असून, आत काका मांडी घालून बसले की गिऱ्हाइकाला बाहेरच उभे राहावे लागते.

पेरणीच्या तोंडावर माझ्या बुटांचे तळ उकलले. शहरातल्या एका मोठ्या दुकानातून घेतलेले हे बूट चार महिनेही टिकले नव्हते आणि तिथे तक्रार ऐकून घ्यायलाही कुणी तयार नव्हते. नुसते चिकटवून द्या, असे मी म्हटले, तेव्हा काका म्हणाले, “भाऊ, नुसतं चिपकवलं त काळ्या मातीत आठ दिवस नाही टिकत. शिवाच लागते.” ते खरेच होते, कारण आपली ओली माती बुटाला अशी धरते की पाऊल उचलताना तळच ओढला जातो.

त्यांनी जुने सोल्युशन (चिकटवायचा द्रव) रापीने, म्हणजे चामडे कापायच्या पात्याने, खरवडले, दोन्ही बाजूंना नवे लावले आणि ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत वाळू दिले. घाईचा कारागीर नेमका इथेच चुकतो. मग बूट लोखंडी ऐरणीवर ठोकून त्यांनी तळाच्या कडेने बारीक चर पाडली, म्हणजे टाके त्यात बसतात आणि चालताना घासून तुटत नाहीत. बाहेरून खुपसलेली आकड्याची आरी आतल्या मेण लावलेल्या दोऱ्याचा फास ओढून आणते, त्या फासातून दुसरे टोक ओवून टाका आवळायचा, आणि मग पुढचा टाका. एका बुटाला पाऊण तास लागला. जोडीचे ८० रुपये घेतले, जे मला या मेहनतीच्या मानाने फारच कमी वाटतात. पूर्ण पावसाळा चिखलात वापरूनही एक टाका सुटलेला नाही.

मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे गेला की पत्र्याखाली बसवत नाही, म्हणून उन्हाळ्यात दुकान सकाळी सातलाच उघडते आणि भर दुपारी बंद असते. बाजाराच्या दिवशी दिलेले काम मात्र सांगितलेल्या वेळी मिळत नाही. पावती नसते, तळावर खडूने आकडा लिहितात, तो लक्षात ठेवावा. मागच्या तारेवर दुरुस्त झालेल्या कितीतरी जोड्या महिनोन्‌महिने टांगलेल्या असतात आणि त्यांत काकांचा दोरा, तळ आणि मजुरी अडकून पडते. कुणाची जोडी तिथे असेल, तर कृपया पैसे देऊन घेऊन जावी.