सोलचं योइदो हानगांग पार्क: सायकलसाठी उत्तम, सावलीसाठी नाही

हान नदीच्या काठावर सोल शहराची ११ उद्यानं आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी योइदोच निवडावं. मेट्रोच्या ५ क्रमांकाच्या मार्गावर योइनारू स्टेशनला उतरून २ किंवा ३ नंबरच्या दारातून बाहेर पडलं, की समोर हिरवळ आणि पलीकडे नदी. प्रवेश मोफत.

ही जागा पूरपात्रातली आहे, हे मात्र विसरू नका. जुलै-ऑगस्टमध्ये वरच्या पालदांग धरणाचा विसर्ग वाढला की हीच हिरवळ पाण्याखाली जाते. पाणी ओसरल्यावरही गाळ काढेपर्यंत वाटा बंद राहतात, त्यामुळे पावसाने उघडीप दिली म्हणून लगेच निघू नये. मधल्या मोकळ्या भागात सावली फार कमी. उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा पाचनंतरच जावं.

इथलं खरं सुख सायकलचं. महापालिकेची 'तारुंगी' सायकल ॲपवरून मिळते, तासाचा पास १,००० वॉनचा. एक तास उलटला की जादा पैसे सुरू होतात. स्टँड बहुतेक वरच्या रस्त्याला आहेत, पाण्याजवळ कमी. म्हणून पाऊण तास झाला की परतीचा स्टँड शोधायला लागा. सायकल आणि चालणाऱ्यांची वाट वेगळी आखलेली आहे. फोटोसाठी सायकलच्या वाटेवर थांबू नका, मागून वेगात येणाऱ्यांना वळायला जागा नसते.

पूर्वेकडे सपाट वाटेने साधारण सात किलोमीटरवर बानपो पूल लागतो. त्याच्या खालचा जामसू पूल मुद्दाम बुडण्यासाठीच बांधलेला आहे: पाणी ५.५ मीटरला पोहोचलं की पादचाऱ्यांना बंद, ६.२ मीटरला वाहनांनाही. वरच्या पुलाचं १,१४० मीटरचं कारंजं एप्रिल ते ऑक्टोबर चालतं. पाऊस-वारा असेल तर बंद.

तंबू ठरलेल्या जागेतच लावा. किमान दोन बाजू उघड्या हव्यात, नाहीतर दंड होतो. दुकानातल्या यंत्रावर नूडल्स शिजवून खाणं इथे रूढ आहे, पण बहुतेक पाकिटांच्या मसाल्यात गोमांस किंवा मासळीचा अर्क असतो. शाकाहारींनी डबा न्यावा.

शरद ऋतूतल्या आतषबाजीच्या रात्री गर्दी वाढली की गाड्या योइनारूला न थांबता पुढे जातात. त्या दिवशी आधीच योइदो स्टेशनला उतरून चालत या.