विमानावरची चिन्हं: डिकल लावावं की मास्क कापून रंगवावं?

१/७२च्या (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या) मॉडेल विमानावर 'इथे पाय ठेवू नये' अशी केसाएवढी अक्षरं हाताने रंगवणं अशक्यच. तिथे डिकलला, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्राला, पर्याय नाही. प्रश्न येतो तो पंखावरच्या मोठ्या गोल चिन्हांचा.

डिकल सोपं वाटतं: कोमट पाण्यात बुडवा, अर्धा-एक मिनिट थांबा, कागदावरून सरकवा. पण मॅट रंग खरखरीत असतो. त्या खळग्यांत हवा अडकते आणि वाळल्यावर डिकलच्या पातळ पारदर्शक फिल्मखाली चंदेरी डाग उमटतात. माझं एक अख्खं विमान असंच वाया गेलं. म्हणून आधी ग्लॉस वार्निशचा हात, मग डिकल, त्यावर फिल्म मऊ करणारं द्रावण. हे द्रावण लागलं की डिकल सुरकुततं. घाबरून बोट लावू नका! वाळता वाळता ते आपोआप ताणलं जातं आणि पॅनलच्या (पत्र्यांच्या जोडांच्या) रेषांत बसतं. शेवटी मॅट वार्निश मारलं की चकाकी जाते.

मास्क म्हणजे चिन्हाच्या आकारात कापलेली चिकट टेप; ती लावून मोकळ्या जागेत रंग मारायचा. यात फिल्मची कडाच नसते. चिन्ह खरोखर रंगवल्यासारखं दिसतं, कारण ते रंगवलेलंच असतं. फक्त टेपखालून रंग झिरपतो. त्यावर उपाय म्हणजे टेपच्या कडेवर आधी खालचाच रंग हलका फवारायचा. एअरब्रश (रंग फवारायचं पेनासारखं यंत्र) मात्र हवाच, ब्रशने कडेला रंगाचा उंचवटा राहतो.

मी मोठी चिन्हं मास्कने करतो, बाकी सगळं डिकलने. तीन रंगांचं वर्तुळ असेल तर मात्र अजूनही डिकलच. मास्क तीनदा नेमके मध्यावर बसवायचा धीर माझ्यात नाही.