पहाटेची झोप कुणासाठी मोडायची: केटलिन क्लार्क की पेज बेकर्स?

माझी भाची चौदा वर्षांची, शाळेच्या बास्केटबॉल संघात पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून खेळ रचणारी. वाढदिवसाला तिला जर्सी हवी आहे, आणि एकच मिळेल हे तिच्या आईनं आधीच बजावलंय. २२ नंबरची घ्यायची की ५ नंबरची? २२ म्हणजे इंडियाना फीवरची केटलिन क्लार्क, ५ म्हणजे डॅलस विंग्जची पेज बेकर्स. दोघी डब्ल्यूएनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळतात. "मावशी, तू फक्त एवढं सांग, शेवटी मोठी कोण होणार?" आवडती कोण, हे तिनं विचारलंच नाही. तिला पुढच्या वीस वर्षांची हमी हवी होती.

हमी कोण देणार? पण दोघींना शेजारी शेजारी ठेवून बघता येतं. (झोपेचा हिशोब करायचा तर बेकर्स पुढे. इंडियानाचा संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला लागतो, डॅलसचा साडेपाचला.)

आधी माप ठरवू. महिला बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्डचं माप म्हणजे सू बर्ड. चार विजेतेपदं, ऑलिंपिकची पाच सुवर्णपदकं, डब्ल्यूएनबीएमध्ये ५८० सामने आणि ३,२३४ असिस्ट (सहकारीला थेट बास्केट करून देणारे पास). आता गंमत बघा. कारकिर्दीत तिची सरासरी सामन्याला ११.७ गुण आणि ५.६ असिस्ट. 'सर्वोत्तम खेळाडू'चा किताब तिला एकदाही मिळाला नाही. तरी २०२२ मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी निवृत्त झाली तेव्हा तिच्या जागेबद्दल कुणी वाद घातला नाही. ती टिकली, आणि तिच्या भोवतीचे संघ जिंकत राहिले. पॉइंट गार्डचं मोठेपण गुणांत कमी आणि वर्षांत जास्त मोजलं जातं, असं माझं मत तिच्याकडे बघूनच झालंय.

आता आपल्या दोघी. क्लार्क जानेवारी २००२ ची, आयोवातली. बेकर्स ऑक्टोबर २००१ ची, शेजारच्या मिनेसोटातली. दोघी साधारण सहा फुटी, एकाच वर्षी कॉलेजात गेलेल्या. २०१९ मध्ये बँकॉकला एकोणीस वर्षांखालील विश्वचषक अमेरिकेनं जिंकला तेव्हा दोघी एकाच संघात होत्या आणि स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली बेकर्स. पुढच्या, २०२१ च्या स्पर्धेत तो मान क्लार्कला मिळाला. दोघी ड्राफ्टमध्ये, म्हणजे लीगचे संघ नव्या खेळाडू निवडतात तेव्हा, पहिल्या निवडल्या गेल्या, क्लार्क २०२४ ला, बेकर्स २०२५ ला. दोघी त्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम नवोदित. पहिल्या मोसमात क्लार्कची सरासरी १९.२ गुण. बेकर्सची? १९.२. नियतीनंच तराजू धरल्यासारखं.

मात्र हे १९.२ आले कसे, ते बघितलं की दोन वेगळे खेळ दिसतात.

१५ फेब्रुवारी २०२४ ची रात्र घ्या. एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकी कॉलेज क्रीडा संघटनेच्या, नोंदींतला महिलांच्या एकूण गुणांचा विक्रम मोडायला क्लार्कला आठ गुण हवे होते. तिनं संघाचे पहिले आठही गुण स्वतःच केले, सामना सुरू होऊन सव्वादोन मिनिटं होतात न होतात तोच. शेवटचा फटका मैदानाच्या मध्यावरच्या बोधचिन्हाजवळून, तीस फुटांहून लांबून. त्या रात्री तिनं एकूण ४९ गुण केले. लोक फटक्याबद्दल बोलतात, मला त्याचा परिणाम जास्त महत्त्वाचा वाटतो. तिला तिथूनच अडवावं लागतं, म्हणजे बचाव करणारी खेळाडू बास्केटपासून तीस फूट दूर ओढली जाते, बहुतेकदा दोघी. मागे उरतात चौघींविरुद्ध तिघी, आणि क्लार्कचा पास त्या मोकळ्या जागेत आधीच निघालेला असतो. पहिल्या मोसमात सामन्याला ८.४ असिस्ट आणि एकूण ३३७, हा तेव्हा लीगचा विक्रम होता. एका सामन्यात १९ असिस्ट, तोही विक्रम. आदल्या वर्षी १३ जिंकून २७ हरलेला संघ तिच्या पहिल्या वर्षी २०-२० वर आला.

खर्चही तसाच. त्याच मोसमात तिनं २२३ वेळा चेंडू गमावला, सामन्याला ५.६ वेळा. हाही विक्रमच, पण कुणी फ्रेम करून लावणार नाही असा. सहकारी वळायच्या आत पास पोचतो, अंगावर दोघी असताना तिसरीच्या डोक्यावरून टाकायचा मोह होतो.

बेकर्सचा खेळ म्हणजे काटकसरीच्या घरातला स्वयंपाक, काही वाया जात नाही. पिक अँड रोलमधून (सहकारी बचाव करणारीची वाट अडवते आणि मग बास्केटकडे वळते, ती चाल) येते, फ्री थ्रो रेषेपाशी थांबते (खरंच थांबते, अंगावरची खेळाडू पुढे घसरून जाते) आणि शांतपणे पंधरा फुटांवरून चेंडू टाकते. पहिल्या मोसमात तिचे जवळजवळ ४८ टक्के फटके आत गेले, क्लार्कचे पहिल्या वर्षी ४२ टक्क्यांच्या आसपास. असिस्ट ५.४, म्हणजे क्लार्कपेक्षा तीन कमी, पण चेंडू गमावणं क्लार्कच्या निम्म्याहूनही कमी. ऑगस्ट २०२५ मध्ये लॉस एंजलिस स्पार्क्सविरुद्ध तिनं २१ पैकी १७ फटके आत टाकून ४४ गुण केले. नवोदित खेळाडूच्या सर्वाधिक गुणांच्या विक्रमाची ती बरोबरी होती.

आणि तो सामना डॅलस एका गुणानं हरला. क्लार्कचा १९ असिस्टचा सामना? तोही इंडियाना हरली, आणि कुणाकडून, तर डॅलसकडून. विक्रम बघून जर्सी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

विजेतेपदाच्या रकान्यात बेकर्सचं पारडं जड. २०२४ च्या कॉलेज स्पर्धेच्या उपांत्य फेरीत क्लार्कच्या आयोवानं बेकर्सच्या युकॉनला (कनेक्टिकट विद्यापीठाला) ७१-६९ असं हरवलं खरं, पण क्लार्क लागोपाठ दोन अंतिम सामने हरली. बेकर्सनं २०२५ मध्ये ८२-५९ अशा फरकानं विजेतेपद घेऊनच कॉलेज सोडलं. व्यावसायिक लीगमध्ये अजून दोघींची पाटी कोरी. टीव्हीचे प्रेक्षक आणि तिकिटांचे दर यांत क्लार्क कितीतरी पुढे आहे. ते आपलं माप नाही.

उरलं शरीर, आणि इथे माझी खात्री डळमळते. बेकर्सच्या डाव्या गुडघ्याला डिसेंबर २०२१ मध्ये फ्रॅक्चर झालं, २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्याच गुडघ्याचा लिगामेंट फाटला, आख्खं वर्ष गेलं. उलट क्लार्कनं कॉलेजची चार वर्षं आणि पहिला व्यावसायिक मोसम यांत एकही सामना चुकवला नव्हता. मग २०२५ उजाडलं. मांडी, मग जांघ, आणि ४४ पैकी फक्त १३ सामने. तिच्याविना संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला, हे तिच्या टीकाकारांना फार आवडलं. त्या वर्षी डॅलसनं जिंकलेले सामने दहा, पण बेकर्स ३६ खेळली. गुडघ्यासाठी तिच्यावर फुली मारणाऱ्यांना एवढंच सांगेन की सू बर्डचाही लिगामेंट कॉलेजच्या पहिल्याच वर्षी फाटला होता.

माझं उत्तर तरी क्लार्क. कमी चुका करायला माणूस शिकतो. इतक्या लांबून बचाव ताणणं आणि तो ताणला जातोय हे पास देताना दिसणं, हे दोन्ही एकाच खेळाडूत शिकवून येत नाही. बेकर्स वीस वर्षं उत्तम खेळेल यावर मी आज पैसे लावीन. क्लार्कवर लावताना हात जरा थरथरेल, पण सर्वकालीन पहिल्या तिघींत पोचायची शक्यता तिचीच जास्त.

भाचीला मात्र जर्सी ५ नंबरची घेतली. क्लार्कचे व्हिडिओ बघून ती महिनाभर अर्ध्या मैदानावरून चेंडू फेकत होती, एकही रिंगपर्यंत पोचला नाही आणि डाव्या हातानं ड्रिबल करायचं राहूनच गेलं. तिनं आधी फ्री थ्रो रेषेपाशी थांबायला शिकावं. आणि पुढच्या दोन मोसमांत क्लार्कचं चेंडू गमावणं सामन्याला चारच्या खाली आलं नाही, तर वरचा परिच्छेद मी मागे घेईन.